त्या नळ्या अजून उघडू नकोस

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

काय बे, तुझा निरोप वाचला आणि जेवण आटोपून लगेच लिहायला बसलो. तुझ्या मुक्कामाच्या व्हॅनचं छत गळतंय म्हणून तू फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या चार नळ्या आणून ठेवल्यास म्हणे. त्या उघडू नकोस. निदान हे पत्र वाचून होईस्तोवर तरी.

मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून सांगतोय. आमच्याकडे जून-जुलै कोरडाच गेला. मला वाटलं, छत पक्कं आहे. पण सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात, आणि तो आला तेव्हा आम्ही नळदुर्गजवळ मुक्कामाला होतो. रात्री दोनला जाग आली तर आई उठून बसलेली. पदरानं उशी टिपत होती. "झोप तू, थेंबच आहे," म्हणाली. हौसेनं आईला फिरवायला नेलं आणि तिला ओल्या गादीवर बसवलं, हे मला अजून खुपतं.

घरी आल्यावर जिथं थेंब पडला त्याच्या बरोब्बर वर सिलिकॉन फासलं. पुढच्या पावसात पुन्हा तिथंच गळालं. कारण पाणी तिथून शिरतच नव्हतं. ते पुढं कुठंतरी आत येतं, छताच्या आडव्या पट्टीवरून प्लायमागून सरकत जातं आणि दिव्याच्या भोकातून पडतं. माझ्या व्हॅनमध्ये शिरायची जागा आणि पडायची जागा यांत चार फुटांचं अंतर निघालं.

त्यात आपलं ऊन. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्यावर हात ठेववत नाही, आणि संध्याकाळी वळवाची सर आली की तोच पत्रा झटक्यात गार. पाच मीटर लांबीच्या लोखंडी पत्र्यात ४० अंशांचा फरक पडला तर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर कमी-जास्त होतो. कडक वाळणारं एम-सीलसारखं काही लावलंस तर ते तडकणारच. सिलिकॉन लवचीक असतं खरं, पण त्यावर पुढं दुसरं काही चिकटत नाही, रंगही नाही. आणि ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते उघड्या लोखंडाला गंजवतं. माझे तीन दिवस ते खरवडण्यात गेले.

आधी एक तपास. पाऊस नसतानाही सकाळी छताला आतून दव दिसतं का? दिसत असेल तर ती गळती नाही, बंद खिडक्यांत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ आहे.

तसं नसेल तर बागेचा पाइप घे. जोराचा फवारा नको, त्यानं नसलेली गळतीही सुरू होते. खालच्या कडेपासून सुरुवात कर, एकेका जागी दहा मिनिटं पाणी सोड, मग वर सरक. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. माझा भाचा आत टॉर्च घेऊन बसला होता, प्लाय आधीच उतरवलेलं. सोलर पॅनलच्या ब्रॅकेटपाशी पाणी सोडलं आणि तो ओरडला, "मामा, आलं!" आत जाऊन पाहिलं तर ब्रॅकेट पत्र्याला जोडणाऱ्या रिव्हेटच्या, म्हणजे धातूच्या खिळ्याच्या, बरोब्बर मधून थेंब फुगत होता. साधा पॉप रिव्हेट आतून पोकळ असतो रे. कडेनं कितीही सीलंट लाव, पाणी मधूनच येतं.

मग बंद तोंडाचे रिव्हेट आणले. गंज घासून, प्रायमर मारून, पूर्ण दिवस वाळू दिलं. ब्रॅकेटखाली ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि वरून कडेला पीयू सीलंट, म्हणजे वाळूनही लवचीक राहणारं पॉलियुरेथेन. आईची ती जागा त्यानंतर कोरडी आहे.

पण तुझं अर्धं दुखणं मला वेगळंच वाटतंय. तू लिहितोस की पाऊस थांबल्यावरही दोन तास ठिबकतं. म्हणजे छतावर पाणी साचतंय. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो वजन; त्यानं पत्रा दबतो आणि पुढच्या वेळी आणखी साचतं. कडेची पन्हळ बघ, तिथं पानं आणि माती बसलेली असेल. माझ्या पन्हळीत कडुलिंबाच्या काड्यांचा अक्षरशः लगदा झाला होता. छतावरच्या व्हेंटला, म्हणजे हवेच्या झरोक्याला, निचऱ्याची नळी असेल तर ती जाड नायलॉन दोरीनं साफ कर. पंक्चरवाल्याच्या हवेनं अजिबात नको. माझी नळी आतल्या आत निसटली आणि सगळं पाणी कपाटात उतरलं.

शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतो. टेप, रिव्हेट आणि शेंगाचटणी माझ्याकडून. तोवर व्हॅन एका बाजूला थोडी कलती लाव, पलंगावरचं प्लाय उतरव आणि आतला फोम उन्हात टाक. ओला राहिला तर बुरशी धरेल. वहिनींना सांग, गाद्या घरात आणून ठेवा.

तुझाच,
सोलापूरकर