सुमे, काकूचा पाय आता बरा आहे

अंबाजोगाई
१४ जून

प्रिय सुमे,

पाय बरा आहे, हे आधी वाच, मग पुढचं. आणि लगेच फोन लावू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, हे काही आजचं नाही. म्हणून पत्र.

मी ठीक. गुडघे जिथल्या तिथं. ह्यांची शुगर आहे तेवढीच.

तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणतेय, पण काकूनं शपथ घातली होती. "सुमीला कळवशील तर माझ्या दारात पाय ठेवू नको." शपथ मोडायलेय. दारात जायचं काही सोडणार नाही.

झालं असं, की मे महिन्यात घामोळ्यांनी सगळी गल्ली हैराण. पारा बेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. मी कडुनिंबाचा पाला उकळला, गाळला, त्यात कोरफडीचा गर फेटला, वरून गुलाबपाणी. स्प्रेच्या बाटल्या धुतल्या, झटकल्या आणि भरल्या. झटकल्या म्हणतेय, वाळवल्या नाहीत. नळाला आठव्या दिवशी पाणी. त्यात बाटल्या उकळायला पातेलंभर पाणी कोण घालवणार! पुन्हा प्रत्येकीत व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टोचून पिळली आणि समजले, आता वर्षभर बघायला नको. अगं, ती कॅप्सूल तेल खवट व्हायला उशीर लावते, बस्स. पाण्यातल्या जंतूंना ती काय करणार? आणि मनात दुसरं हे, की कडुनिंबच तो, त्याला कसली कीड लागतेय! झाडाला नसेल लागत, काढ्याला लागते. गर घालून मी तर जंतूंना पंगतच वाढून ठेवली होती.

नऊ घरी वाटल्या. फ्रिजात ठेवा, चार दिवसांत संपवा, नाहीतर मोरीत ओता, हे एकीलाही सांगितलं नाही. मलाच कुठं ठाऊक होतं?

काकूनं घामोळ्यांवर मारायचं ते टाचेच्या भेगेवर मारलं. दिवसातून चारदा, बारा दिवस. बाटली खिडकीत, उन्हात. मी एकादशीची भगर घेऊन गेले तर ती पाय उशीवर ठेवून बसलेली. घोटा दिसत नव्हता. कातडी लाल, ताणून चकचकीत झालेली, हात लावला तर गरम तवा. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. सात दिवस अँटिबायोटिक, शुगर तपासली, ती निघाली नाही. बाटलीनंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, "असू शकतं" म्हणाले, आणि उघड्या भेगेवर घरचं पाणी मारायचं नाही म्हणून मला झापलं. मला तेवढं पुरलं. बाकीच्या आठ बाटल्या त्याच संध्याकाळी गोळा करून आणल्या. दोघींनी द्यायला कां कूं केलं. फुकटचं ना!

तुला आठवतं, तुमच्या ओसरीवर तांब्याच्या ताटात आपण तूप धुवायचो? शंभर पाण्यांचं. तू त्रेसष्टनंतर सरळ ऐंशी म्हणायचीस, मी ओरडायचे आणि मार मला बसायचा. (हे मी अजून विसरले नाही.) काकू ते वाटीभरच करायची, आठवड्यात संपवायची, कोरड्या चमच्यानं काढायची आणि बोट घातलं की फटका. आपण तिला कंजूष म्हणायचो. अगं, त्या तुपात पाणी धरलेलं असायचं, म्हणून तेवढं जपणं. रोज सकाळी वाटी नाकाशी धरून बघायची, आठवतं? ह्यातलं मी काहीच उचललं नाही. फक्त मोजायला शिकले.

आता मी पाण्याच्या वाटेलाच जात नाही. मलम करते. शंभर ग्रॅम तिळाचं तेल, वीस ग्रॅम मेण. उन्हाळ्यात मेण पंचवीस, नाहीतर डबीत आमटी होते. काट्यावर तोलून, अंदाजपंचे नाही. पाला सावलीत वाळवायचा, मुठीत चुरचुर वाजेपर्यंत. पहिल्या खेपेला अर्धओला घातला तर वर पांढरी लव आली. मग तेलाचं भांडं उकळत्या पाण्यात ठेवून दोन-तीन तास मंद आच, पंचातून गाळायचं, मेण त्यात विरघळवायचं. थंड वाटीच्या पाठीवर थेंब टाकला की घट्टपणा कळतो. झाकण निवल्यावरच लावायचं, गरमवर लावलं की आतून घाम सुटतो आणि परत तेच पाणी. मी घरचं करडईचं तेल वापरायला निघाले होते, पण ते तिळापेक्षा लवकर खवटतं. लावण्याआधी कोपराच्या आत ठिपका देऊन एक दिवस थांबायचं. समोरची म्हणते, नातवासाठी त्यात भीमसेनी कापूर घाल. मी नाही म्हटलं. लहान लेकराला कापरानं झटके येऊ शकतात. आता ती बोलत नाही. बचत गटातल्या बायकांना विकायचंय, त्यांना सांगितलं, आधी परवाना काढा. त्याही बोलत नाहीत. बरीच शांतता आहे सध्या.

आता खरं ते. एवढा वेळ त्याच्याभोवतीच फिरायलेय.

दवाखान्यातून आल्यावर मी काकूची बाटली उघडली. आत जेलीसारखी तार आणि तुंबलेल्या मोरीचा वास. मला उमळून आलं. काकूनं ती माझ्या हातातून घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "गुलाबाचंच आहे की गं."

मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली. डोळे मिट म्हटलं. ती म्हणाली, "जिरं."

सुमे, तिला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापात गेला, तो आलाच नाही. तुला कळलं तर पुण्याला नेऊन ठेवशील, म्हणून लपवलं. फोनवर तुला काय भाजी केली ते रोज सांगते ना, ते सगळं नजरेनं. मला बाटलीची शरम आहेच, पण झोप उडालीय ती गॅसमुळे. गळला तर कळावं म्हणून गॅसला तो घाण वास मुद्दाम घातलेला असतो, आणि ही एकटी त्या घरात. नळी बदलून घेतली. रात्री रेग्युलेटर बंद करते म्हणून देवाची आण घेतलीय तिनं. दूध नासलंय का ते चव घेऊन बघते. डबीवर मी आता तारखा मोठ्या आकड्यांत लिहिते. गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं म्हणे, ते तू बघ आणि पाठव.

ये. पण पुण्याचं नाव काढू नकोस आल्या आल्या. हिंगाची डबी तर अजिबात आणू नकोस, तिला लगेच कळेल मी बोलले ते.

तुझी बदली झाली का? चिरंजीवांनी कुठं प्रवेश घेतला? तुझ्या नणंदेचं ते प्रकरण मिटलं असेल तर सविस्तर लिही, नसेल तर आणखी सविस्तर लिही.

भेग भरून आलीय. मलम नको म्हणाली, तुपच धुवून दे. परवा बसले ओसरीवर, उकळून निवलेलं पाणी घेऊन. वाटीभरच केलंय. रोज सकाळी त्याचा वास घ्यायला मी जाते, तेवढीच फेरी होते. त्रेसष्टला मी थांबले, हसू आवरेना. तर काकू म्हणते, "ऐंशी म्हण आता, लई वेळ झाला."

तुझीच,
मंदी