यात्रेची वाट, लायटरचा खडा आणि दाबाची वीज

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आणि सोबतचा व्हिडिओ मिळाला. फरशीवर माणसे चालतात आणि बाजूचे दिवे पेटतात, हे पाहून तुझ्या मनात आले की महाशिवरात्रीच्या यात्रेला दहा हजार माणसे ज्या वाटेने देवळाकडे जातात, त्या वाटेवर अशा फरश्या बसवल्या तर ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप फुकट चालेल. तू उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच मागितले आहेस. पण अशा फरशीतल्या, दाबले की वीज देणाऱ्या पदार्थांचा स्वभाव समजल्याशिवाय त्या एका शब्दाला अर्थ नाही, म्हणून हे लांब पत्र.

परवा घरातला गॅसचा जुना लायटर मी खोलून पाहिला. आत एक स्प्रिंग, एक छोटा हातोडा आणि करंगळीच्या नखाएवढा करड्या-पांढऱ्या रंगाचा दंडगोल असतो. आपण खटका दाबतो तेव्हा स्प्रिंग आवळत जाते, एका ठिकाणी अडसर सुटतो आणि हातोडा त्या खड्यावर आदळतो. ठिणगी पडते ती या आदळण्याने. हवेत एक मिलिमीटर ठिणगी उडवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे तीन-चार मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पाडणारा हा खडा क्षणभर दहा हजार व्होल्टच्या घरात पोहोचतो. तरी आपल्याला बसतो तो फक्त बारीकसा चटका, कारण विद्युतदाब मोठा असला तरी विद्युतभार अगदी चिमूटभर असतो. व्होल्ट मोठे आणि ऊर्जा थोडी, ही जोडी पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेव.

दाबाच्या विजेचा हा गुण प्रथम दाखवला तो 1880 साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी. पिएर तेव्हा अवघा 21 वर्षांचा होता. त्यांनी टूर्मलीन, गारगोटी आणि उसाच्या साखरेचे स्फटिक दाबून पाहिले आणि त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार मोजला. म्हणजे देवळात प्रसाद म्हणून मिळणारी खडीसाखरही या यादीत बसते, आणि तिच्या शेजारच्या डब्यातले मीठ मात्र बसत नाही. कारण रचनेत आहे. मिठाच्या स्फटिकात धन आणि ऋण कण इतके समतोल मांडलेले असतात की कोणत्याही बाजूने दाबले तरी दोन्हींचे मध्य एकाच जागी राहतात. गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन अशा वाकड्या घडीत बसलेले असतात की दाब पडताच धनभाराचा मध्य एकीकडे आणि ऋणभाराचा दुसरीकडे सरकतो, आणि स्फटिकाच्या एका तोंडावर धन तर दुसऱ्यावर ऋण भार उभा राहतो. स्फटिकांचे एकूण 32 वर्ग मानतात. त्यांपैकी 20 वर्गांतच हा गुण आहे.

तू म्हणशील, मग आपल्या वावरात नांगराच्या फाळाला लागून निघणाऱ्या गारगोट्यांनीच काम होईल. होणार नाही. धुऱ्यावर सापडणारी दुधी गारगोटी बहुधा लाखो सूक्ष्म स्फटिकांचा गोळा असते आणि प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे; एकाने दिलेला भार दुसरा खाऊन टाकतो. तिच्या पोकळीत कधी आरपार दिसणारा सहा कडांचा खडा सापडतो, तो खरा कामाचा. (लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून आपण जो उजेड पाडायचो, त्याला मी दाबाच्या विजेचा पुरावा मानत नाही, तो वेगळा आणि अजून वादाचा विषय आहे.)

लायटरमधला खडा मात्र गारगोटी नाही. तो शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची पूड दाबून भट्टीत भाजलेला, कुंभाराच्या मडक्याच्या जातीचा पदार्थ आहे. त्यालाच पीझेडटी म्हणतात आणि 1950च्या दशकापासून तो सर्वांत जास्त वापरात आहे. भट्टीतून निघतो तेव्हा तोही निरुपयोगीच असतो, कारण त्याचे कण बैलबाजारात सुटलेल्या बैलांसारखे चहूकडे तोंड करून उभे असतात. म्हणून त्याला गरम तेलात ठेवून जाडीच्या दर मिलिमीटरला काही हजार व्होल्टचा दाब लावतात आणि तो दाब तसाच ठेवून थंड करतात. मग बहुतेक कण एका दिशेला वळून तसेच राहतात. एवढ्या संस्कारानंतर तो त्याच जोराला गारगोटीच्या शंभरपटीहून जास्त भार देतो. उलट त्याला एका ठराविक तापमानापलीकडे तापवले तर शिस्त मोडते आणि तो पुन्हा नुसते मडके होतो.

आता तुझ्या फरशीच्या मुळाशी असलेली गोष्ट. मुलांच्या मोडक्या खेळण्यातून मी आवाजाची पितळी चकती काढली, जिच्यावर या पदार्थाचा पातळ पांढरा थर असतो, आणि तिच्या दोन तारा मीटरला जोडल्या. बोटाने दाबले की आकडा एका बाजूला उसळतो. बोट तसेच दाबून धरले की तो शून्यावर येऊन बसतो. बोट काढले की उलट्या चिन्हाने पुन्हा उसळतो. हा प्रयोग मी वर्गात मुलांकडून दहा वेळा करवून घेतला, कारण पुस्तकातल्या चार परिच्छेदांत जे समजत नाही ते इथे डोळ्यांना दिसते. हा पदार्थ ओझ्याला नव्हे, ओझ्यातल्या बदलाला उत्तर देतो. साचलेला भार तारांतून वाहून गेला की वर बैलबंडी उभी असली तरी तो गप्प. म्हणूनच जिनिंगच्या वजनकाट्यात, जिथे कापसाची गाडी स्थिर उभी राहते, तिथे हे खडे नसून ताणाने रोध बदलणाऱ्या बारीक धातूच्या पट्ट्या असतात.

हिशेब करू. साठ किलोचा माणूस फरशीवर पाय देतो आणि फरशी पाच मिलिमीटर खाली जाते असे धर. मिळू शकणारी जास्तीत जास्त ऊर्जा सुमारे तीन ज्यूल. दहा हजार माणसांनी प्रत्येकी शंभर पावले टाकली तर दहा लाख पावलांचे तीस लाख ज्यूल होतात, म्हणजे विजेच्या मीटरवर एक युनिटसुद्धा पूर्ण होत नाही, 0.83 युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप त्यावर तेरा मिनिटे चालेल, तेही एक थेंब वाया न जाता. प्रत्यक्षात चिनी मातीसारखा हा कडक पदार्थ पाच मिलिमीटर दबतच नाही, त्यामुळे हाती येणारे उत्पन्न याच्या कितीतरी खाली असते. शिवाय ही वीज फुकट नाही. फरशी खाली जाते तेवढे प्रत्येक पावलाला चढणे आले, आणि ते कष्ट यात्रेकरूच्या पायातून निघतात. देवळाच्या छतावर सौर पट्ट्या बसवल्या तर ही चर्चाच उरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र यावरून हा पदार्थ कुचकामी ठरवू नकोस. त्याचे खरे राज्य ऊर्जेत नसून संदेशात आहे. 1881 साली गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने सुचवले की दाबाने वीज होते तर विजेनेही आकार बदलला पाहिजे, आणि क्युरी भावांनी लगेच ते पडताळून दाखवले. तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी होते ती याच दोन्ही दिशांच्या गुणावर. हातातल्या प्रोबमधला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा खडा विजेने सेकंदाला तीस-पस्तीस लाख वेळा थरथरतो, ध्वनी आत पाठवतो, आणि मग गप्प राहून तोच खडा परतलेला प्रतिध्वनी विजेत बदलतो. दहा सेंटिमीटर खोलीवरून तो परतायला सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो. पोटावर थंडगार जेल लावतात ते यासाठी, की मध्ये हवेचा पातळ थर राहिला तर ध्वनी कातडीवरूनच परत फिरेल.

तुझ्या हातातल्या घड्याळातही गारगोटीचा छोटा चिमटा आहे. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो आणि तोच सेकंदाचा ठोका. तो साधारण 25 अंशांना नेमका चालावा असा कापलेला असतो, आणि त्याहून थंडी असो की उन्हाळा, तो मागेच पडतो. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत भिंतीवरचे घड्याळ दिवसाला सुमारे एक सेकंद मागे राहते. शाळेची घंटा उन्हाळ्यात उशिरा होते त्याचे खापर मी अर्थातच यावर फोडत नाही.

फरश्यांऐवजी एक काम सुचवतो. आपल्या भजनी मंडळाची खंजिरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही, अशी तुझी तक्रार होती. तीच पितळी चकती खंजिरीच्या लाकडी कड्याला, कातड्याला नव्हे, घट्ट चिकटवली तर थाप थेट तारेत उतरेल. मात्र ती ॲम्प्लिफायरच्या माइकच्या भोकात सरळ जोडू नकोस. तिथला रोध कमी असल्याने भार लगेच निसटतो, खर्ज जातो आणि नुसती किरकिर उरते. मध्ये, चकतीच्या बाजूला किमान दहा लाख ओहम रोध दाखवणारे छोटे सर्किट लागते आणि ते मी एका संध्याकाळी बांधून देईन. येत्या बाजारच्या दिवशी येशील तेव्हा मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर आणि एक फुटकी खंजिरी घेऊन ये. चांगलीवर आधी प्रयोग करायला मंडळी मला परवानगी देणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती