आशाताई, तुम्ही खोडलेल्या नावांबद्दल

आशाताई, सप्रेम नमस्कार.

आशा हे तुमचं गावातलं आरोग्याचं काम; तुमचं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. भुदरगड तालुका एवढं पुरे; ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

डीएनएतला कुठला आकडा इथल्या किती लोकांत सापडतो, याचा तक्ता मला पीएचडीसाठी करायचा होता. त्याचे नमुने गोळा करायला पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याजवळ संमतीपत्रं होती, सुया होत्या, रक्ताचा थेंब टिपायची कार्डं होती. अक्कल तेवढी कमी होती. शाळेच्या व्हरांड्यात सातआठ जण येऊन बसले होते. मी पहिलं बोट पुसायला घेतलं, तोवर तुम्ही यादी ओढून घेतलीत. "अगं, ही दोघं मावसभावंडं. आणि त्या कडंच्याची आजी ह्यांच्याच घरातली. तुला नात्यातली नकोत म्हनलीस न्हवं?" तिघांची आडनावं तीन. मी तिघांनाही घेतलं असतं.

नमुने एकमेकांच्या नात्यात नसावेत, हा नियम आमच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतो. मामाची पोरगी करायची रीत असलेल्या मुलखात तो पाळायचा कसा, ते कुणी लिहीत नाही. एका भावकीतले चौघे आले, की तेच आकडे पुन्हा पुन्हा मोजले जातात आणि सगळा तक्ता तिकडं झुकतो. लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर तुम्ही सोयरिकी मांडत गेलात, नावं खोडत गेलात. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे अंगाची मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन महाराष्ट्रात माणसं मोजत फिरल्या, त्यांनाही अशी कुणी भेटली असणार, असं मला राहून राहून वाटतं.

"रगात पोलिसाला देनार का?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी जरा गडबडले होते. कार्डावर फक्त क्रमांक असतो, हे सांगून कुणाचं समाधान झालं नाही. मग इंग्लंडमधल्या लेस्टरची गोष्ट सांगितली. 1986 साली तिथं खुनाची कबुली दिलेला सतरा वर्षांचा पोरगा डीएनए तपासणीमुळं निर्दोष ठरला. खरा खुनी सापडला पुढच्या वर्षी. त्यानं आपल्या जागी सोबतच्या कामगाराला रक्त द्यायला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट तुम्ही नळावर सांगत होतात, आणि माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून! रांग वाढली ती त्यानंतर.

तक्त्याचा उपयोग काय, हे त्या गडबडीत नीट सांगायचं राहिलं. आपल्या डीएनएत काही जागी एकच छोटा तुकडा ओळीनं परत परत येतो. कुणात सहा वेळा, कुणात नऊ. एक आकडा आईकडून, एक बापाकडून. समजा, पुरात वाहून आलेल्या बेवारस देहाचा आकडा एका म्हातारीशी जुळला. तो आकडा लोकांत शंभरातून पाचदाच सापडत असेल, तर जुळण्याला मोठं वजन. वीसदा सापडत असेल, तर वजन चौथाईवर येतं. परक्या मुलखाचा तक्ता वापरून वीसला पाच धरायची चूक तीन जागी झाली, तर गुणाकारात ती चौसष्ट पट होते. तपासणीत तर पंधरावीस जागा असतात. मुंबईत कलिनाच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून अहवाल निघतो तेव्हा कोर्टात वकील नेमकं हेच विचारतो: हे प्रमाण कुठल्या लोकांचं?

शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतः बोट पुढं केलंत. मी कापूस भिजवला, आणि तुम्हीच हात मागं घेतलात. "थांब. माझ्या मामेभावाचं परवा झालंय की." मग पेन घेऊन यादीतलं स्वतःचं नाव खोडलंत आणि भाकरी वाढायला उठलात. त्या संध्याकाळी बसमध्ये मी ती यादी दोनतीनदा उघडून पाहिली.

तुमचे मनापासून आभार. श्रावणात येते, तक्त्याची प्रत घेऊन. वही तेवढी रद्दीत घालू नका. पुढच्या वाडीची यादी अजून कोरी आहे.

तुमची,
सुईवाली पोरगी