गच्चीवर एका तारेपुरती जागा द्या

संपादक महोदय,

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून बंगळुरूत जमलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले, ते हॅम रेडिओवरून, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवल्या जाणाऱ्या रेडिओवरून. बातमीत हा उल्लेख ओझरता होता, पण आमच्या इमारतीतल्या मुलांनी तो बरोबर टिपला आणि ‘काकू, आपल्याकडे ऐकू येतं का?’ म्हणत माझ्या दारात उभी राहिली. येते. स्थानक डोक्यावरून जाताना संभाषण चालू असेल, तर १४५.८०० मेगाहर्ट्झवर काही मिनिटे हातातल्या छोट्या संचावरही ऐकू येते. मात्र गच्चीला कुलूप असल्यामुळे मुलांना घेऊन मला मीठबंदरला खाडीकाठी जावे लागते. मुलांचे एक वेळ भागते. माझे सगळे स्टेशनच गच्चीवरची अँटेनाची तार काढावी लागल्यामुळे बंद पडले आहे. ठाणे-नवी मुंबईत माझ्यासारखे आणखीही परवानाधारक आहेत, म्हणून हे पत्र.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. हॅमची परीक्षा मोर्ससकट दिली. केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना आहे, ‘व्हीयू२’ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची माझी ओळख, आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत एक तांब्याची तार नायलॉनच्या दोरीने ताणून बांधली होती. लांबी वीस मीटर, जाडी घरातल्या साध्या वायरीएवढी, मधोमध केबल जोडून ती डक्टमधून खाली आणलेली. पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी रेडिएशनची तक्रार केली आणि कमिटीने तार काढायला लावली. तक्रार करणाऱ्यांवर माझा राग नाही. मोबाइल टॉवरबद्दल इतके उलटसुलट कानावर पडते की माणसे धास्तावतात. पण त्या तारेतून काय जात होते आणि किती, हे कोणी विचारलेच नाही. ते इथे सांगते.

दहा वॅट. जिन्यातली एलईडी ट्यूबसुद्धा याहून जास्त वीज घेते. एवढ्या ताकदीवर जपान, इंडोनेशिया, इटली इथल्या स्टेशनांशी माझा संपर्क झाला आहे, आणि तोही ठाण्यातून. इथे लिफ्टचे ड्राइव्ह, एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर या सगळ्यांची खरखर रेडिओत चोवीस तास भरून असते. संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर कान लावला, तर समोरच्याचे बोलणे त्यात बुडून जाते. तरीही संपर्क होतो, तो ‘एफटी८’ या डिजिटल पद्धतीमुळे. २०१७ साली स्टीव्ह फ्रँकी आणि जो टेलर यांनी ती तयार केली. हे टेलर म्हणजे रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, त्यांनी शोधला होता. आकाशातून येणारे क्षीण स्पंद गोंगाटातून वेचून काढणाऱ्या माणसाने तीच विद्या आम्हा हौशी लोकांच्या हाती फुकट दिली, याचे मला फार अप्रूप आहे.

एफटी८मध्ये मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग पाडतात. एका भागात आपण पाठवायचे, पुढच्या भागात ऐकायचे. पाठवणे १२.६४ सेकंदांत संपते. त्यात ७७ बिटांचा संदेश आणि चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी जोडलेले आणखी ९७ बिट असतात, आणि हे सगळे आठ सुरांत गुंफून जाते. बोलायला साधारण अडीच हजार हर्ट्झ रुंदीची वाट लागते, एफटी८ पन्नास हर्ट्झमध्ये भागवते. त्यामुळे गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण संदेशही उलगडतो. लॅपटॉपच्या निळ्या पडद्यावर वरून खाली फिकट पिवळ्या रेघा सरकत असतात. कानाला नुसती खरखर, आणि पंधराव्या सेकंदाला ओळ उमटते: माझे कॉल साइन, जपानमधले एक कॉल साइन, माझा सिग्नल त्यांना किती मिळाला तो आकडा. त्याआधीच मी माझा चौकोन कळवलेला असतो, ‘एमके६९’. रेडिओवाल्यांनी जगाचे चौकोन पाडले आहेत; ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर हे सगळे एमके६९ मध्ये येते, कुलाबा मात्र खालच्या एमके६८ मध्ये. दोन्हीकडची घड्याळे सेकंदाच्या आतबाहेर जुळलेली लागतात. इंटरनेट गेले तरी घड्याळ बिघडू नये म्हणून मी खिडकीत जीपीएसचा छोटा रिसीव्हर ठेवला आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे छंदापुरते. एफटी८पुरते ते बरेचसे खरेही आहे, कारण त्यात मोकळा मजकूर तेरा अक्षरांच्या वर जात नाही. ‘तळमजल्यावर पाणी, दोन वृद्ध अडकलेत, इन्सुलिन हवे’ हे तेरा अक्षरांत कसे मावणार? त्यासाठी २०१८ मध्ये याच पायावर ‘जेएस८कॉल’ आले. त्यात रोमन लिपीत हवा तेवढा मजकूर टाइप करता येतो. तो सावकाश जातो, पण जातो. मधले एखादे स्टेशन तो पुढे ढकलू शकते किंवा पलीकडचा माणूस येईपर्यंत साठवून ठेवू शकते. यात कुठेही मोबाइल टॉवर नाही, फायबर नाही. संच, लॅपटॉप आणि बारा व्होल्टची बॅटरी, बस.

२६ जुलै २००५ ज्यांनी अनुभवला त्यांना याचे मोल सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले. आमचे हे अंधेरीला अडकले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. मी टेलिफोन खात्यात असून त्या रात्री मला त्यांची खबर लागली नाही. त्याच्या सातच महिने आधी, डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम रेडिओ चालवणाऱ्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला होत्या. हॅम मोहिमेसाठी विशेष परवानगी घेऊन त्या गेल्या होत्या आणि त्यांचे स्टेशन आधीच चालू होते, म्हणून अंदमानातले निरोप बाहेर पोहोचू शकले. माझा सगळा मुद्दा या ‘आधीच’वर आहे. पाणी गुडघ्याला लागल्यावर गच्चीची किल्ली शोधायची आणि तार बांधायची, असे होत नाही.

ठाण्याला तर तार विशेष गरजेची आहे. हातातला व्हीएचएफ संच (ज्याच्या लहरी सरळ रेषेत जातात) समोरासमोर छान चालतो, पण इथून बेलापूरला बोलायचे तर मध्ये पारसिकचा डोंगर आडवा येतो. सात मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा सरळ वर जातात, आयनोस्फियरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, आपटून खाली येतात आणि डोंगराची अडचण उरत नाही. त्यासाठी उंच मनोरा नको. गच्चीपासून थोड्या उंचीवर ताणलेली तीच वीस मीटरची तार पुरते.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांच्यासाठीही आता मार्ग आहे. ‘मेशटॅस्टिक’ या प्रणालीचे तळहाताएवढे लोरा बोर्ड, म्हणजे कमी ताकदीवर लांब जाणारे छोटे रेडिओ, भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर विनापरवाना चालतात आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडून एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोहोचवतात. पारसिकच्या माथ्यावर सोलर पॅनेलवर चालणारा असा एक डबा रीतसर परवानगीने बसला, तर कळवा ते खारघरच्या तरुणांना किती करण्यासारखे आहे! ऑस्ट्रेलियात डेव्हिड रोव आणि त्यांचे सहकारी मशीन लर्निंग वापरून शॉर्टवेव्हवरचा आवाज सुधारत आहेत. ज्या रेडिओला लोक जुनाट म्हणतात तिथे इतके ताजे काम चालू आहे, आणि आमची अकरावी-बारावीची मुले ते करून पाहू शकतात, पण गच्चीवर जाता आले तर. मुलांना आवडणारे ‘नोआ’ या अमेरिकी हवामान संस्थेचे जुने उपग्रह २०२५ मध्ये एकेक करून बंद झाले. आता रशियाच्या मिटिऑर उपग्रहांची डिजिटल चित्रे घ्यायची आहेत. त्यालाही मोकळे आकाश लागतेच.

आमच्याच इमारतीत खिडकीखिडकीला डीटीएचची तबकडी आहे आणि तिला कोणी हरकत घेत नाही. तोच मोकळेपणा सरकारी परवाना असलेल्या माणसाच्या तारेला मिळावा. सोसायट्यांनी अटी जरूर घालाव्यात: परवान्याची प्रत द्या, तार हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा, विजा कडाडायला लागल्या की केबल सोडा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तार स्वखर्चाने उतरवा. हे सगळे रास्तच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरपर्यंत लांबतात आणि तोवर पावसाळा सरतो, म्हणून हा विषय कमिटीच्या मासिक बैठकीतच घ्यावा. महापालिकांनीही पावसाळापूर्व बैठकांना आपापल्या हद्दीतील परवानाधारकांना बोलवावे, कोणाकडे कोणता संच आहे आणि कोणती बॅटरी किती तास चालते याची नोंद ठेवावी आणि जूनआधी एकदा सर्वांकडून निरोप पाठवून पाहावेत.

मी माझ्यापुरता अर्ज कमिटीकडे पुन्हा दिला आहे. सोबत परवान्याची प्रत आहे, गच्चीचा हाताने काढलेला नकाशा आहे, आणि तक्रार करणाऱ्या सदस्यांनी एकदा घरी येऊन स्टेशन चालू असताना पाहावे अशी विनंती आहे.

एक व्हीयू२ परवानाधारक,
कोपरी, ठाणे (पूर्व)