संज्या, शिबिराचं बॅनर छापायच्या आधी हे वाच

प्रिय संज्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ट्रेनमध्ये ऐकला, घरी येऊन परत ऐकला, आणि म्हणलं याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करत बसलो तर अंगठा कामातून जाईल, त्यापेक्षा लेका सरळ पत्रच लिहितो. तर तुमचा प्लॅन असा, मिरजेतल्या एका मराठी शाळेची आणि एका उर्दू शाळेची पोरं घेऊन मे महिन्यात तीन दिवसांचं सद्भावना शिबिर, समूहगीत, चित्रकला, पाहुणे, शेवटी प्रमाणपत्र. आणि तू विचारतोयस की तुमच्या बेलफास्टात असलं बरंच चालतं म्हणे, ते लोक नक्की काय करतात? चालतं ना. पन्नास वर्षं चाललंय. त्यातलं काय टिकलं आणि काय नुसतं फोटोपुरतं राहिलं, हे इथं राहून जेवढं बघितलं-वाचलं तेवढं सांगतो.

इथलं, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडमधलं, भांडण तुला माहितीय, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट म्हणतात, पण मूळ प्रश्न आयर्लंडबरोबर जायचं की ब्रिटनमध्ये राहायचं हा. १९६९ च्या आसपास पेटलं आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये करार झाला तोवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. आख्ख्या नॉर्दर्न आयर्लंडची लोकसंख्या आजही आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा कमी आहे, त्यावरून अंदाज कर. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी गेलेलं आहेच. अजूनही इथं नोकरीच्या अर्जासोबत एक वेगळा कागद येतो, त्यावर तीन चौकोन, तुम्ही प्रोटेस्टंट समाजातले, रोमन कॅथलिक समाजातले की दोन्हीतले नाही. कायद्यानंच लागतो तो, कंपनीनं एकाच बाजूची माणसं भरू नयेत म्हणून. आपण तिसऱ्यावर टिक करायची आणि गप बसायचं.

उत्तर बेलफास्टमध्ये अलेक्झांड्रा पार्क म्हणून एक बाग आहे. झाडं, हिरवळ, मुलांचे झोपाळे, आणि मधोमध उंच पत्र्याची भिंत. भिंत बागेला नाहीये रे, बागेत आहे. या बाजूची पोरं एका धर्माची, त्या बाजूची दुसऱ्या. १९९४ ला आयआरएनं, म्हणजे आयर्लंडबरोबर जायचं म्हणून लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, शस्त्रसंधी जाहीर केला, आणि त्याच सुमारास ही भिंत उभी राहिली, काय टायमिंग बघ. २०११ मध्ये तिला एक दार पाडलं, तेही दिवसाचे ठरावीक तास उघडं. आमच्या पोराला, ओमला, घेऊन गेलो होतो तर त्यानं पहिला प्रश्न काय विचारला, पलीकडे पण झोपाळे आहेत का. सरकारनं २०१३ मध्ये सांगितलं होतं की २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती काढू. बऱ्याचशा अजून आहेत.

आता मुलांसाठीच्या कामाचं. सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे उन्हाळ्यात पोरांना अमेरिकेला न्यायचं. १९७५ मध्ये न्यूयॉर्क पोलिसात असलेल्या डेनिस मुलकाही नावाच्या आयरिश माणसानं सहा पोरांपासून सुरू केलं, प्रोजेक्ट चिल्ड्रन, पुढं वीस हजारांवर पोरं जाऊन आली. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, एकाच घरात काही आठवडे. पोरं बाँबच्या आवाजापासून लांब गेली, पोटभर खेळली, ते वाईट कसं म्हणणार. पण परत आल्यावर? तो त्याच्या गल्लीत, हा याच्या गल्लीत, भेटायचं तर कुठल्या रस्त्यानं जायचं आणि कोण बघेल, आणि बऱ्याच दोस्त्या तिथंच संपल्या. पोरांनी काय ठरवून तोडल्या नाहीत, त्या ठेवायला जागाच नव्हती. नंतर शाळांमध्येही परस्पर-समजुतीचा विषय आणला, दोन शाळांची एकत्र सहल वगैरे, आणि त्याबद्दल इथले लोक हसत सांगतात की एका शाळेची पोरं बसच्या डाव्या बाजूला बसायची आणि दुसरीची उजव्या.

तुझं शिबिर मला असंच वाटतंय बघ, राग मानू नको.

२००२ चा एक अभ्यास आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा. तीन वर्षांच्यांनाही झेंडे-रंग यातलं थोडं आवडतं-नावडतं कळत होतं, पण सहाव्या वर्षापर्यंत साधारण एक तृतीयांश मुलं स्वतःला एका बाजूचं समजायला लागली होती आणि शंभरातली पंधरा समोरच्यांबद्दल उघड वाईट बोलत होती. सहा वर्षं! म्हणजे पोरगं शाळेत जायला लागून एक-दोन वर्षं होतायत तोवर. त्यावर इथं बालवाडीसाठी एक-एक मिनिटाची कार्टून काढली, टीव्हीवर दाखवली, बालवाडीच्या बायकांना आणि आईबापांनाही त्याचं ट्रेनिंग दिलं. मला हे काम आवडलं कारण त्यांनी आठवी-नववीपर्यंत वाट बघितली नाही, आणि पोराबरोबर त्याच्या घरच्यांनाही धरलं. आपण मात्र थेट सातवी-आठवीला हात घालतो, कारण ती पोरं सांगितलेलं ऐकतात आणि स्टेजवर बरी दिसतात.

घरच्यांचं का म्हणतोय तर २००१ मध्ये, करार होऊन तीन वर्षं झाल्यावर, होली क्रॉस नावाच्या कॅथलिक प्राथमिक शाळेच्या मुली, चार ते अकरा वर्षांच्या, आईबापाचा हात धरून शाळेत चालल्यात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसं उभी राहून शिव्या घालतायत, एक दिवस तर बाँब पण फेकला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये लॅनार्क वे नावाच्या रस्त्यावर भिंतीच्या गेटपाशी दंगल झाली, बस जाळली, त्यात बारा-तेरा वर्षांची पोरं होती आणि मागून मोठी माणसं त्यांना चेव देत होती. ही सगळी करारानंतर जन्मलेली पोरं. शांततेच्या नावानं युरोपातून १९९५ पासून चिक्कार पैसा आला इथं, पण मागं उभ्या असलेल्या त्या माणसाचं शिबिर कुणी घ्यायचं?

आता ज्यावर माझा भरवसा आहे ते सांगतो. काही पालक सत्तरच्या दशकातच म्हणायला लागले की आमची मुलं एकाच शाळेत जाऊ द्या. सरकार हलेना, दोन्हीकडच्या चर्चवाल्यांना आपापल्या शाळा सोडायच्या नव्हत्या. शेवटी १९८१ मध्ये त्यांनी स्वतःच बेलफास्टच्या कडेला एका स्काउटच्या हॉलमध्ये २८ मुलं घेऊन लॅगन कॉलेज सुरू केलं. म्हणजे ऐन भडका चालू असताना, तुरुंगात उपोषणं करून माणसं मेली ते हेच वर्ष. सरकारी पैसा यायला पुढं तीन वर्षं लागली, तोवर वर्गणी. आज तिथं हजारावर पोरं आहेत आणि अशा सत्तरेक शाळा झाल्यात. तरी एकूण मुलांतली शंभरात सात-आठच अशा शाळेत जातात. सर्व्हे केला की लोक हो म्हणतात, प्रवेशाच्या वेळी मात्र थोरल्या भावाची शाळा, बापाची शाळा, घराजवळची शाळा. आपल्यासारखंच.

ओम अशाच शाळेत आहे. जुना हिशोब असा की चाळीस टक्के हे, चाळीस ते आणि वीस 'इतर', म्हणजे आम्ही त्या विसातले. तिथं उपदेश फारसा नसतो रे. कॅथलिकांकडचा गेलिक फुटबॉलही असतो आणि प्रोटेस्टंटांकडची रग्बीही. चौथीला कॅथलिक पोरांची पहिली कम्युनियन, म्हणजे चर्चमधला एक विधी, असते, त्याची तयारी शाळेतच होते, बाकीची तेव्हा दुसरं काही करतात, मग चर्चचा कार्यक्रम झाला की मुली पांढरे झगे घालून वर्गात दाखवायला येतात आणि सगळी पोरं त्यांच्याभोवती गोळा होऊन कुणाला किती पैसे मिळाले याची चौकशी करतात. ओमनं घरी येऊन विचारलं आपल्यात असं काही नसतं का. म्हणलं मुंज असते. किती मिळतात? अजून विचारतोय.

वाद होतातच. नोव्हेंबरात ब्रिटिश सैनिकांच्या आठवणीचं लाल फूल लावायचं की नाही यावर दरवर्षी कुरबुर असते, आणि पालकसभेत दोन बाप एकमेकांकडे न बघता बोलताना मी बघितलेत. पण दुसऱ्या दिवशी साडेतीनला पोरं घ्यायला दोघंही त्याच गेटवर.

तर मिरजेचं. २००९ च्या गणपतीत कमानीवरच्या चित्रावरून जे झालं, दंगल, संचारबंदी, लांबलेलं विसर्जन, ते तू तिथं राहून बघितलंस, मी टीव्हीवर. तेव्हा तूच म्हणाला होतास की शाळा उघडल्यावर वर्गातली पोरं त्यावर एक शब्द बोलली नाहीत आणि त्याचीच तुला जास्त भीती वाटली. तुझ्या दोन शाळांमध्ये चालत किती अंतर, दहा मिनिटं? ती पोरं शेजारी राहून पहिलीपासून दहावीपर्यंत एकदाही एका वर्गात बसत नाहीत. माध्यम वेगळं, त्याला इलाज नाही, उर्दू शाळा बंद करा असं मी म्हणत नाहीये आणि कुणी म्हणलं तर तू भांड. पण गणिताचा तास, विज्ञानाची प्रयोगशाळा, मैदान, हे आठवड्यातून एकदा एकत्र का नको? इथं २०१६ पासून त्याचा कायदाच आहे, शाळा वेगळ्या पण काही तास एकत्र. मला तो थोडा पळपुटेपणा वाटतो, तरी तीन दिवसांच्या शिबिरापेक्षा शंभर पटीनं बरा. तीन दिवस रद्द कर आणि वर्षभराचे शनिवार घे. सातवी-आठवी सोड, पहिली-दुसरी घे. आणि दोन्हीकडच्या पाच-पाच आयांना आधी बोलव, हेडमास्तरांना नंतर, कारण मोडायचं झालं तर ते घरून मोडेल. सद्भावना हा शब्दसुद्धा बोर्डावर लिहू नको, पोरांना लगेच कळतं आपल्याला कशाला आणलंय.

परीक्षा, रमजान आणि गणपती कुठल्या महिन्यांत येतात ते बघून शनिवार ठरव आणि मला कळव, मैदानासाठी थोडेफार पैसे मी पाठवतो. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
मिल्या

ता.क. प्रमाणपत्रं आणि बॅनरचे जे पैसे वाचतील त्याचे दोन फुटबॉल घे. क्रिकेटच्या किटपेक्षा स्वस्त पडतं आणि बॅटिंग कुणाची यावरून अर्धा शनिवार जात नाही.