आंब्याच्या सीझनला आलेल्या पोरांनो, आभार!

एप्रिल-मे म्हणजे आम्हा टेम्पोवाल्यांची कसोटी. देवगड-रत्नागिरीच्या पेट्या वाशी मार्केटला उतरतात, तिथून दारोदार पोचवायचं काम आमचं. अक्षय तृतीयेच्या आठवड्यात तर जेवायला फुरसत नसते. यंदा जी पोरं सीझनपुरती हाताखाली आली, त्यांचे मनापासून आभार. हाताखाली म्हणायचं आपलं. निम्मं काम त्यांनीच ओढलं.

मी गाडी सोडून वर गेलो की दंडाची पावती ठरलेली, म्हणून जिने त्यांच्या वाट्याला. लिफ्ट असूनही ‘सामान जिन्यानेच न्या’ म्हणणाऱ्या सोसायट्या काय कमी आहेत? एकाने पेट्यांवर खडूने इमारतींची नावं लिहिली आणि शेवटी उतरायचा माल आत, पहिला दाराशी, असा लावला. माझी शोधाशोधच संपली. दुसरा पेटी कधी आपटायचा नाही, आधी गुडघ्यावर टेकवून मगच खाली. पेंढ्यातलं फळ दबलं की गिऱ्हाईक आमच्या नावाने शंख करतं, हे त्याला न सांगता कळलं होतं.

माझ्या डब्यातल्या ठेच्याला नावं ठेवलीत, तेही माफ. आता पेरणीसाठी गावी गेलात. पुढच्या सीझनला फोन करतो, या रे!