अडीच सुती आणि आठ एमएम

औसा

प्रिय बाळू,

जीपचा क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टचे फेरे चाकांना देणारी ती दातेरी जोडी, घरीच बदलायचा ठरवलास, ५.३८ प्रमाणाचा काढून ४.२७चा टाकणार, वाचून बरं वाटलं. परभणीच्या रस्त्याला इंजिन जे कोकलतं ते जरा शांत होईल; त्याच वेगाला फेरे पाचव्या हिश्श्यानं कमी. स्पीडोमीटर मात्र खोटं बोलेल, त्यानं ४० दाखवले की तू ५०वर असशील. पुढच्या हौसिंगलाही, म्हणजे पुढच्या चाकांमधल्या पेटीलाही, ४.२७च लागणार, नाहीतर चारही चाकं ओढायला फोर-व्हील लावताच पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतील. ते तुला ठाऊक असणारच.

पण गड्या, ‘गाडी ठोकळ्यावर चढवू, मग लागेल तसे बोल्ट आणू’ असं लिहिलंस, तिथं माझा जीव अडकला.

माझं काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही, लाज वाटायची. मागच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला तेव्हा तो आवळणाऱ्या यू-बोल्टचा एक नट हरवला. डब्यात आठ एमएमचा सापडला. दोन आटे चढला आणि अडकला. मला वाटलं घाण असेल, पाना लावून दाबला. काय घट्ट बसला म्हणून सांगू! चौथ्या दिवशी लामजन्याच्या अलीकडं खाडकन आवाज, शाफ्ट डांबरावर. शाफ्ट काढून मागं टाकला, फोर-व्हील लावलं आणि नुसत्या पुढच्या चाकांवर घरी आलो.

लातूरला गंजगोलाईजवळच्या दुकानात तो यू-बोल्ट दाखवला तर म्हातारा हसला. “काय करायलास मालक, हा अडीच सुती हाय.”

अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. आठ एमएमशी फरक डोळ्याला दिसतच नाही. पण सुतीचे इंचाला २४ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिमी अंतर, आणि आठ एमएमच्या दोन आट्यांत १.२५ मिमी. नट बसला नव्हता रे, आटे खाऊन रुतला होता. आपल्या जीपा अमेरिकेच्या विलीज जीपच्या घडणीच्या, हौसिंग-शाफ्ट सगळं सुतात. वर कुणी नवं इंजिन बसवलेलं असलं की तिकडं सगळं एमएममध्ये. एकाच गाडीत दोन भाषा.

म्हणून आधी एकेक बोल्ट काढून आटे-गेजनं माप, लांबी लिही, आणि नमुना घेऊनच दुकानात जा. क्राऊनचे बोल्ट नवेच घे. सुती असतील तर डोक्यावर सहा रेघा बघ. तीन रेघांचा हलका. एमएमच्या बोल्टवर रेघा नसतात, १०.९ असा आकडा असतो. लांबीही तीच हवी: जास्त झाला तर भोकाच्या तळाला टेकतो, पाना घट्ट सांगतो आणि क्राऊन ढिलाच. आटे थिनरनं धुऊन लाल लॉकटाइट लाव, बोल्ट ढिला न होऊ देणारा तो डिंक.

किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क पाना विकत घेऊ नकोस, माझा आहे. रविवारी परभणीला लग्नाला येतोय, घेऊन येतो. तोवर नवा क्राऊन आवळायला घेऊ नकोस. वहिनींना सांग, जेवायला नाही थांबणार. थांबेन, पण तू सांग.

तुझा,
अण्णा